विश्लेषण : कुत्र्यासाठी ‘बोर्डिंग’ आणि प्रशिक्षण शाळा कशी निवडावी? कायदा काय सांगतो?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की रेल्वेच्या आरक्षणाबरोबर अनेक घरांत आणखी एका ‘आरक्षणा’ची धावाधाव सुरू होते. घरातल्या कुत्र्याला कुठे ठेवायचे? शहरांत आणि शहरांच्या वेशीवर डॉग बोर्डिंग, डे-केअर, ‘पेट हॉटेल’ आणि प्रशिक्षण शाळांच्या पाट्या वाढल्या आहेत. बहुतेक जण मोबाइलवरचे फोटो, दर आणि घरापासूनचे अंतर पाहून निवड करतात. पण केनेलमध्ये दुर्घटना घडतात त्या बहुधा फोटोत न दिसणाऱ्या वेळी, म्हणजे रात्री, भर दुपारी, वीज गेल्यावर किंवा कुत्र्यांना एकत्र मोकळे सोडल्यावर. त्यामुळे निवडीचा खरा निकष एकच राहतो. आपल्या डोळ्याआड काय होते, हे दाखवायला आणि लिहून द्यायला ती संस्था तयार आहे का?

ही गरज का वाढली?

पूर्वी घर बंद करून सगळे एकदम बाहेरगावी जाण्याचे प्रसंग कमी असत. वाड्यात, चाळीत किंवा शेजारच्या बंगल्यात कुत्र्याला भाकरी घालणारे कोणीतरी असे. आता दोघे नोकरी करणारे, तिसरा मजला, शेजाऱ्यांशी जेमतेम ओळख, अशी स्थिती आहे. मुलांकडे परदेशी दोन-तीन महिने राहायला जाणारे आई-वडील हाही मोठा वर्ग आहे. प्रवासात कुत्रा बरोबर नेणे सोपे नाही. रेल्वेत त्याला सोबत ठेवायचे तर प्रथम श्रेणीच्या डब्यात पूर्ण कूपे घ्यावा लागतो, नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातील पेटीत होते. एसी थ्री-टियर किंवा स्लीपरमध्ये परवानगी नाही. बहुतेक हॉटेलेही कुत्र्याला प्रवेश देत नाहीत. बोर्डिंग हा त्यामुळे चैनीचा विषय राहिलेला नाही. गरज अशी अचानक आणि सर्वांना एकाच वेळी पडते, तेव्हा ग्राहक चौकशी कमी करतो आणि व्यावसायिक क्षमतेपेक्षा जास्त कुत्रे घेतो. सुट्टीतली गर्दी हा म्हणूनच सर्वांत जोखमीचा काळ असतो.

केनेलसाठी परवाना लागतो का?

केंद्राने २०१७ मध्ये कुत्र्यांचे प्रजनन आणि विक्री यांबाबत नियम केले, तर २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी. दोन्हींत राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीची तरतूद आहे. २०१७ च्या नियमांत बोर्डिंग केनेल चालवणाऱ्यांचाही उल्लेख येतो. परंतु नियमांचा मुख्य भर प्रजनन आणि विक्रीवर आहे. हॉटेलांना असते तशी केनेलची तपासणी करून श्रेणी देणारी व्यवस्था आपल्याकडे नाही. कुत्र्यांचा प्रशिक्षक होण्यासाठी कायद्याने ठरवलेली पात्रताही नाही.

चौकशी केल्यावर ‘आमच्याकडे लायसन्स आहे’ असे सांगून अनेकदा दाखवला जातो तो गुमास्ता. दुकाने व आस्थापना कायद्याखालील ही नोंद व्यवसाय सुरू असल्याचे सांगते. तिथे कुत्रे कसे ठेवले जातात याबद्दल काहीच सांगत नाही. केनेल क्लबचे प्रमाणपत्रही बहुधा कुत्र्याच्या वंशावळीचे असते, बोर्डिंगच्या दर्जाचे नव्हे. म्हणून ‘लायसन्स आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. कशाचे, कोणी दिलेले आणि कधीपर्यंतचे, हे विचारावे. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली आहे का, हाही प्रश्न विचारावा.

मग कायद्याचे संरक्षण अजिबात नाही का?

आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील एक व्याख्या इथे महत्त्वाची ठरते. या कायद्यात ‘मालक’ म्हणजे ज्याने प्राणी विकत घेतला तोच नव्हे, तर त्या वेळी प्राणी ज्याच्या ताब्यात आहे तोही. म्हणजे कुत्रा केनेलमध्ये असेपर्यंत या कायद्यासाठी केनेलचालकही मालक असतो. कलम ३ नुसार प्राण्याची देखभाल करणाऱ्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी वाजवी ती सर्व काळजी घेतली पाहिजे. कलम ११ नुसार मारहाण करणे, हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे, आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे, पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे ही क्रूरता आहे. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्याकडे दुर्लक्ष करणेही याच कलमात येते.

अडचण शिक्षेची आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड १० ते ५० रुपये. हे आकडे सहा दशकांपूर्वीचे आहेत आणि आज ते कुणालाही धाक घालू शकत नाहीत. प्राण्याला ठार मारणे किंवा कायमचे जायबंदी करणे मात्र गंभीर गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

इतर देशांत काय पद्धत आहे?

इंग्लंडचे उदाहरण बोलके आहे. तिथे प्राण्यांच्या बोर्डिंगसाठी १९६३ पासून कायदा होता. २०१८ मध्ये नवे नियम आले. केनेल, घरगुती बोर्डिंग आणि डे-केअर या सर्वांना स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. तपासणीनंतर एक ते पाच तारे दिले जातात. दर्जा आणि जोखीम पाहून परवाना एक, दोन किंवा तीन वर्षांचा मिळतो. तो दर्शनी भागात लावावा लागतो आणि संकेतस्थळ असेल तर परवाना क्रमांक तिथे द्यावा लागतो. गंमत म्हणजे, घरगुती कुत्र्यांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना तिथेही परवाना लागत नाही.

आपल्याकडे हे तारे देणारे कोणी नसल्याने तपासणीचे काम कुत्र्याच्या मालकावरच येते.

प्रत्यक्ष भेटीत काय पाहावे?

पहिली कसोटी भेटीचीच. राहण्याची जागा दाखवायला नकार मिळाला, किंवा फक्त स्वागतकक्ष आणि हिरवळ दाखवून बोळवण झाली, तर तिथेच विषय संपवावा. ठरावीक वेळेतच पाहायला या, असे सांगणे मात्र गैर नाही. अनोळखी माणसांच्या सततच्या ये-जा करण्याने कुत्रे बिथरतात.

आत गेल्यावर नाकाने आणि कानाने तपासणी करावी. थोडाफार वास असणारच. पण डोळे चुरचुरावेत इतका लघवीचा उग्र दर्प असेल तर हवा खेळती नाही. कुत्रे माणूस पाहून भुंकणारच. पण कोपऱ्यात अंग चोरून बसलेले, सतत गोल फिरणारे किंवा स्वतःचे पाय चाटून जखम करून घेतलेले कुत्रे ताणाखाली असतात. प्रत्येक खोलीत पाणी आहे का, जमीन कोरडी आहे का, बाहेर पडायला एकापाठोपाठ एक असे दोन दरवाजे आहेत का, हे पाहावे. हा दुहेरी दरवाजा फार महत्त्वाचा आहे. नव्या जागेत बुजलेला कुत्रा फट दिसताच पळतो आणि त्याला परतीचा रस्ता माहीत नसतो.

त्यानंतर माणसे मोजावीत. समजा ३० कुत्रे आहेत आणि दोन कामगार. प्रत्येक कुत्र्याला दिवसातून दोनदा १५ मिनिटे फिरवायचे म्हटले, तर एकूण १५ तास होतात. म्हणजे प्रत्येक कामगाराचे साडेसात तास फक्त फिरवण्यात जातील. स्वयंपाक, भांडी, साफसफाई, औषधे वेगळीच. ‘रोज दोनदा वॉक’ हे आश्वासन खरे की खोटे, ते या साध्या गुणाकारातून कळते.

रात्रीचा प्रश्न का विचारावा?

‘रात्री कुत्र्यांजवळ कोण झोपते?’ हा एक प्रश्न बाकी दहा प्रश्नांइतका उपयोगी आहे. अनेक ठिकाणी उत्तर मिळते, की वॉचमन आहे किंवा सीसीटीव्ही आहे. कॅमेरा नोंद ठेवतो, मदत करत नाही.

ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. पोट टम्म होते, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर जीव जातो. हे रात्री अकराला सुरू झाले आणि सकाळी सातला दिसले, तर उपयोग नाही. म्हणून रात्री माणूस कोण, जवळचा चोवीस तास सुरू असलेला दवाखाना कोणता, तिथे न्यायला वाहन आहे का, या तिन्हींची उत्तरे नावानिशी मिळायला हवीत. ‘डॉक्टर ऑन कॉल आहेत’ असे सांगितल्यास नाव विचारावे. पशुवैद्यकाची नोंदणी राज्य पशुवैद्यक परिषदेकडे असते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचा असतो. केनेलमधला मुलगा ‘अनुभवावरून’ इंजेक्शने देत असेल, तर ती चांगली खूण नव्हे.

लसीकरणाचा दाखला मागणारी जागाच चांगली का?

कारण ती जागा तोच दाखला इतरांकडूनही मागते. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस आणि केनेल कफ या आजारांसाठी लसी उपलब्ध आहेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ नाही. पार्व्होचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या साबण-फिनाईलने भरवशाने मरत नाही. त्यासाठी घाण आधी पूर्ण काढून मग योग्य प्रमाणातले ब्लीच वापरावे लागते. त्यामुळे फिनाईलचा वास आला म्हणजे जागा निर्जंतुक झाली, असे समजू नये. ‘फरशी कशाने पुसता?’ हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

लस दिल्यावर शरीरात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून आणलेल्या लसीने कागद पूर्ण होतो, संरक्षण होत नाही. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला बोर्डिंगमध्ये ठेवणे टाळावे.

हवामानाचा विचार कसा करावा?

महाराष्ट्रात हा मुद्दा जिल्ह्यागणिक बदलतो. विदर्भात आणि खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. पत्र्याच्या शेडमध्ये हवाच तापलेली असेल, तर धापा टाकूनही शरीर थंड होत नाही. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासच अपुरा पडतो, त्यांना उष्माघाताचा धोका सर्वाधिक. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. १०५ च्या वर गेले की ती आणीबाणी. छत कशाचे आहे, वीज गेल्यावर पंखा किंवा कूलर किती वेळ चालतो, दुपारी कुत्रे कुठे असतात, हे विचारावे.

कोकण-मुंबईत प्रश्न ओलीचा आहे. उंदीर आणि साचलेले पाणी असेल तिथे लेप्टोचा धोका असतो आणि तो आजार माणसालाही होतो. गोचिडाची समस्या सर्वत्र आहे. कुत्र्यांवर आढळणारा तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत, पिंजऱ्याच्या सांध्यांत राहतो आणि एक मादी हजारांनी अंडी घालते. त्यामुळे कुत्र्यावर औषध लावले तरी जागेवर फवारणी झाली नसेल, तर उपयोग अर्धाच. दिवाळीत आणखी एक गोष्ट पाहावी. केनेलच्या आजूबाजूला फटाके किती वाजतात आणि त्या रात्री कुत्र्यांना बंदिस्त, शांत खोलीत घेतले जाते का?

‘केज-फ्री’ म्हणजे चांगले का?

‘आमच्याकडे पिंजरे नाहीत, सगळे कुत्रे एकत्र खेळतात’ ही सध्याची लोकप्रिय जाहिरात आहे. ऐकायला छान वाटते. पण अनोळखी कुत्र्यांचा कळप म्हणजे आपोआप मैत्री नव्हे. खाणे, खेळणे किंवा माणसाचे लक्ष यांवरून क्षणात भांडण होते. एका बाजूला ३५ किलोचा कुत्रा आणि दुसऱ्या बाजूला चार किलोचा असेल, तर एक चावा पुरेसा असतो. चांगल्या ठिकाणी आकार आणि स्वभाव पाहून छोटे गट करतात, मोकळे असताना माणूस सतत हजर असतो, जेवण मात्र वेगवेगळे देतात आणि प्रत्येकाला झोपायला स्वतःची जागा असते. माजावर आलेल्या मादीला वेगळे ठेवतात की नाही, हेही विचारावे. म्हाताऱ्या, बुजऱ्या किंवा घरात एकट्याने वाढलेल्या कुत्र्याला ‘केज-फ्री’पेक्षा शांत स्वतंत्र खोली अधिक मानवते. त्याला इतरांत मिसळू द्यायचे की नाही, हे मालकाने लेखी सांगावे.

प्रशिक्षण शाळेची पद्धत कशी ओळखावी?

ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. एकीत कुत्र्याने योग्य गोष्ट केली की खाऊ, खेळ किंवा शाबासकी मिळते. दुसरीत चूक झाली की पट्ट्याचा झटका, चोक चेन, टोचणारा पट्टा, शॉक कॉलर किंवा फटका बसतो. दुसरीचा परिणाम चटकन दिसतो, म्हणून ती विकली जाते.

पोर्तुगालमधील पोर्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी सात प्रशिक्षण शाळांतील ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास करून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतील कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची वाढही अधिक होती. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये सर्व कुत्र्यांसाठी, अगदी आक्रमक कुत्र्यांसाठीही, बक्षिसावर आधारित पद्धतीचीच शिफारस केली. वेल्समध्ये तर शॉक कॉलरवर २०१० पासून बंदी आहे.

हा प्रश्न केवळ भूतदयेचा नाही, घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेचाही आहे. गुरगुरणे हा कुत्र्याने दिलेला इशारा असतो. गुरगुरल्यावर मार बसला, की तो गुरगुरणे सोडतो. त्याची भीती मात्र तशीच राहते. असा कुत्रा पुढे इशारा न देता चावतो आणि घरचे म्हणतात, ‘अचानक चावला हो!’ लहान मुले असलेल्या घराने शाळा निवडताना ही गोष्ट सर्वांत आधी पाहावी.

‘महिनाभर सोडा, शिकवून परत देतो’ याचे काय?

बोर्डिंग आणि प्रशिक्षण एकत्र देणाऱ्या या योजना महाग असतात आणि त्यांत डोळ्याआडचा काळ सर्वांत मोठा असतो. कुत्रा जे शिकतो ते त्या जागेत, त्या माणसाच्या आवाजावर. घरी आल्यावर दाराची घंटा वाजते, पाहुणे येतात, आजी ताटातली पोळी देते आणि मुलगा वेगळाच शब्द वापरतो. आठवडाभरात शिकलेले विरते. कारण कुत्र्याचे प्रशिक्षण झालेले असते, घरच्यांचे नाही. चांगला प्रशिक्षक म्हणूनच निम्मा वेळ मालकाला शिकवण्यात घालवतो. प्रवासामुळे बोर्डिंगमध्ये ठेवावेच लागणार असेल, तर तेवढ्या दिवसांत प्रशिक्षणाची घाई करण्यापेक्षा परतल्यावर घरच्यांसह वर्ग लावणे अधिक फायद्याचे.

पोलीस किंवा लष्करी श्वानपथकाच्या अनुभवाचा दाखला अनेक प्रशिक्षक देतात. मेरठचे लष्करी केंद्र किंवा टेकनपूरचे सीमा सुरक्षा दलाचे केंद्र यांचे काम मोठे आहे. पण तिथे निवडक कुत्र्यांना वास, शोध, पहारा अशा कामांसाठी तयार करतात. घरातल्या लॅब्राडॉरने पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारू नयेत, पिल्लाने चपला कुरतडू नयेत, हा वेगळा विषय आहे. अनुभवाचा आदर ठेवून तीन प्रश्न विचारावेत. कुत्र्याने बरोबर केले तर काय करता? चूक केली तर काय करता? आणि मला संपूर्ण वर्ग बसून पाहता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला ‘मालक समोर असला की कुत्रा ऐकत नाही’ असे उत्तर आले, तर दुसरी शाळा शोधावी. ‘शंभर टक्के हमी’ देणाऱ्यापासूनही दूर राहावे. पिल्लू सहा महिन्यांचे झाल्यावर शिकवू, हा समजही सोडून द्यावा. माणसे, आवाज, इतर कुत्रे यांची ओळख होण्याचा कळीचा काळ साधारण ३ ते १४ आठवड्यांचा असतो.

लेखी करारात काय असावे?

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘ओके, डन’पेक्षा एक पानी कागद बरा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

• ठेवण्याची व नेण्याची तारीख, एकूण रक्कम, कशाचे पैसे वेगळे.
• कोणते अन्न, किती, किती वेळा, चालू औषधे.
• आपल्या पशुवैद्यकाचे आणि आणीबाणीतल्या दवाखान्याचे नाव.
• फोन लागला नाही तर किती खर्चापर्यंत उपचार करावेत, आणि शहरातील कोणत्या नातेवाइकाने निर्णय घ्यावा.
• इतर कुत्र्यांत मोकळे सोडण्यास परवानगी आहे की नाही.
• सोडताना आणि नेताना कुत्र्याचे वजन.

शेवटचा मुद्दा सहसा सुटतो. पहिले एक-दोन दिवस कुत्रा कमी खातो, हे स्वाभाविक आहे. पण दहा दिवसांत वजन बरेच घटले असेल, तर ‘मस्त राहिला हो’ या वाक्यापेक्षा काट्यावरचा आकडा खरा.

मालकाचीही जबाबदारी आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५० मध्ये एक उदाहरण दिले आहे : खोडकर, अवखळ घोडा तसे न सांगता दुसऱ्याला वापरायला दिला आणि त्याने स्वाराला पाडून जखमी केले, तर घोडा देणारा जबाबदार. आपला कुत्रा पूर्वी चावला असेल, कुंपणावरून उडी मारत असेल किंवा त्याला फिट येत असतील, तर ते लपवू नये. ‘सांगितले तर घेणार नाहीत’ म्हणून गप्प बसणारा मालक त्या कामगाराचा हात आणि स्वतःच्या कुत्र्याचा जीव दोन्ही धोक्यात घालतो.

काही बिघडले तर दाद कुठे मागावी?

याच करार कायद्याच्या कलम १५१ नुसार दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने सामान्य शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तितकी काळजी घ्यायची असते. कायद्याच्या नजरेत कुत्रा ही मालमत्ता ठरते, हे घरच्यांना रुचणार नाही. पण इथे त्याचा फायदाच होतो. पैसे देऊन घेतलेली सेवा असल्याने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ही लागू होतो. सेवेतील त्रुटीबद्दल घटना घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. ‘कुत्र्याला काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशा छापील ओळीखाली सही केली, म्हणून निष्काळजीपणाबद्दल तक्रारीचा मार्ग आपोआप बंद होत नाही. मारहाण किंवा क्रूरता झाली असेल तर पोलिसांकडे जावे.

कोणत्याही तक्रारीत पुरावा महत्त्वाचा. पावती, संदेश, रोजचे फोटो, आधीचे आरोग्यपत्रक जपून ठेवावे. कुत्रा दगावल्यास, दुःखाच्या भरात लगेच दफन करू नये. सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन करून घ्यावे. कारण कळले नाही, तर पुढे सगळे तर्कच उरतात.

परत आणल्यावर काय लक्षात ठेवावे?

केनेलमधून आणलेले आजार त्याच दिवशी दिसत नाहीत. केनेल कफ आणि पार्व्होची लक्षणे काही दिवसांनी दिसतात, तर गोचीड-तापाची एक ते तीन आठवड्यांनी. त्यामुळे पुढचे तीन आठवडे कोरडा खोकला, उलट्या-जुलाब, ताप, नाकातून रक्त, मलूलपणा यांवर लक्ष ठेवावे आणि पशुवैद्यकाला बोर्डिंगचा उल्लेख आवर्जून सांगावा. पहिले एक-दोन दिवस कुत्रा खूप झोपतो किंवा पाठ सोडत नाही. तेवढ्यावरून केनेल वाईट होते असे ठरवू नये. पण माणसाने हात उचलताच दबणे, पट्टा पाहून लपणे, आवाज बसणे, पंजांना किंवा गळ्याला जखमा दिसणे याबद्दल मात्र विचारणा करावी.

तयारी कधीपासून करावी?

पंधरा वर्षांच्या म्हाताऱ्या, आजारी किंवा फार बुजऱ्या कुत्र्यासाठी घरी येऊन राहणारा ओळखीचा माणूस हा बोर्डिंगपेक्षा चांगला पर्याय असतो. ते शक्य नसेल, तर महिनाभर आधी दोन-तीन जागा पाहून याव्यात. तीन आठवडे आधी लसी आणि गोचिडाचे औषध पूर्ण करावे. आठवडाभर आधी, आपण शहरातच असताना, एक रात्र कुत्र्याला तिथे ठेवून पाहावे. ती रात्र कशी गेली, हे केनेलने स्वतःहून तपशीलवार सांगितले तर पुढचे दहा दिवस तिथे ठेवायला हरकत नाही. निघताना त्याच्या पट्ट्याला शहरातल्या माणसाचा फोन नंबर असलेला बिल्ला लावावा आणि न धुतलेली एखादी जुनी चादर बरोबर द्यावी. अनोळखी जागेत घरचा वास कुत्र्याला मोठा आधार असतो.